अक्काची गाठ

वन्सं,

तेरावं झालं. पाहुणे गेले, भाड्याची पातेली परत गेली, आणि तुमच्या खोलीतला पंखा मी आज पहिल्यांदा बंद केला. तुम्ही असताना तो बंद करायची कोणाची छाती नव्हती. आता घर एवढं शांत आहे की खाली खडपाच्या कातळावर आपटणारी एकेक लाट इथे चुलीपाशी बसून मोजता येते.

येणारा प्रत्येक जण सांगून गेला, सुमनताई, धीर धरा. मी मान हलवत राहिले. रडले मी, नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी उशीखाली तुमचा अडकित्ता सापडला तेव्हा भांडी घासता घासता हुंदके दिले. पण दर वेळी रडून झालं की हलकंच वाटलं. बाहेर कोणाला हे सांगितलं तर म्हणतील, नणंद गेली म्हणून भावजयीला हलकं वाटतंय, त्यात नवीन ते काय! म्हणून तुम्हालाच सांगते. दिवाळीत मी ते बोलून टाकलं नसतं आणि तुम्ही तशाच गेला असतात, तर आज मी कोणत्या तोंडाने तुमच्या पानावर वाढलं असतं, हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो. आणि मग आठवतं, की बोलून टाकलं. सगळ्या वाडीसमोर, गळा फाटेपर्यंत ओरडून टाकलं. मग पुन्हा हलकं वाटतं.

बावीस वर्षांची ती सुमन आठवते तुम्हाला? मला आठवते, आणि कधी समोर आली तर एक ठेवून द्यावीशी वाटते. चिपळूणच्या बाजारपेठेतली. वाशिष्ठीचं पाणी दुकानाच्या तिसऱ्या पायरीला लागलेलं बघितलेलं, त्यामुळे पाण्याविषयी आपल्याला सगळं कळतं असा समज. रत्नागिरीच्या स्टँडवर उतरली ती उंच टाचांच्या चपला घालून, आणि त्याच चपला घालून तुमच्या मागे खडपावर निघाली. तुमच्या एका हातात तुपाच्या रिकाम्या डब्याला गुंडाळलेला तंगूस, मासे धरायचा नायलॉनचा दोर, कमरेला आमिष कापायची सुरी. मी मनात म्हटलं, ही बाई मासे धरायला निघाली आहे की कोणाचा जीव घ्यायला!

"चपला काढ," तुम्ही म्हणालात.

"का? माशांना चपला आवडत नाहीत?"

"टकटक ऐकू येते त्यांना. खडपाला लागलेला पाय त्यांच्या घराच्या छपराला लागतो. काढ गो."

काढल्या. पाच मिनिटांत तळपायांना कालवांच्या शिंपल्यांनी चिरे पडले आणि मी दीड तास एका शब्दाने बोलले नाही. सासूबाई नंतर म्हणाल्या, "पोरीला समुद्र मानवला दिसतो, गप्प झाली." 

वाडीतले निम्मे बापये तेव्हा संध्याकाळी आपल्या पडवीत येऊन बसायचे ते तुमच्यासाठी. हातात गरीचा आकडा, तंगूस, आणि तोंडात "अक्का, जरा बांधून दे." होडीवर आयुष्य काढलेली माणसं, पण मोठ्या माशाची गरी तुमच्याच हातून बांधून घ्यायची. तुम्ही सात वेढे घ्यायचात, टोक मागे ओवून गाठ थुंकीने ओली करायचात, दातात धरून ओढायचात, आणि गरी परत देताना दर वेळी तेच: "आता मासा सुटला तर चूक तुझी." कोणी हसायचं नाही. ते खरंच होतं.

आणि मला शिकवलंत ते तांबोशीचं. बांगडा-पेडवे कोणीही धरतं, म्हणायचात. तांबोशी म्हणजे खडपातली सासू. एका कपारीत बसून सगळ्या खडपावर नजर. पाणी कमरेएवढंच का असेना, कपारीत आठ-आठ किलोची बसलेली असते आणि वरून शेवाळाशिवाय काही दिसत नाही. उजाडताना जायचं, भरती लागू लागली की. पाणी थोडं गढूळ असेल तर चांगलं, नितळ पाण्यात तिला तंगूस दिसतो. तारल्यांसारखे तेलकट मासे ठेचून वाळूत कालवायचे, त्याचे लाडवाएवढे गोळे पाणी येतं त्या बाजूला टाकायचे, वास तिच्या दारापर्यंत वाहत गेला पाहिजे. आमिषाला जिवंत बोय, बोटाएवढी, गरी पाठीतून अशी घालायची की काट्याला लागणार नाही आणि ती पोहत राहील. शिसं बांधायचं नाही. "खडपाला शिशाची भारी आवड. एकदा घेतलं की परत देत नाही." तंगूस जाड, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आणि मागे ओल्या गोणपाटावर दोराचे वेढे एकावर एक मांडलेले.

आणि तीन नियम. ओढ आली की पहिले तीन हात दोर द्यायचा नाही. "खोल समुद्रात मासा पळाला तर पळू दे, तिथे लपायला काय आहे? इथे तिचं घर पाच पावलांवर. तिला तोंड फिरवायला सवड दिलीस की संपलं. आधी तोंड वर आण, मग काय ते लाड कर." चुकून कपारीत शिरलीच, तर ओढायचं नाही. दोर सैल सोडायचा आणि गप्प बसायचं. वरून कोणी ओढत नाही असं वाटलं की ती आपणहून बाहेर येते. आणि शेवटचं, दोर हाताला कधीही, कधीही गुंडाळायचा नाही.

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. रव्याच्या लाडवांच्या मागच्या पानावर. वहीत एकही चूक नव्हती.

त्या दिवशी हे मुंबईहून येणार होते, लग्नानंतर पहिल्यांदा रजेवर. मी आदल्या दिवशी विहिरीवर सगळ्यांना सांगून ठेवलेलं, उद्या ह्यांना माझ्या हातची तांबोशी. माझ्या हातची म्हणजे केलेली नव्हे हो, धरलेली! बायकांनी एकमेकींकडे बघितलं ते मला कौतुक वाटलं. पहाटे तुम्ही नवी गरी बांधलीत, जिवंत बोय सोडलीत आणि दोर माझ्या हातात देऊन पलीकडच्या डबक्यात आणखी बोय धरायला गेलात. जाताना म्हणालात, "ओढ आली तर हाक मार. आणि गुंडाळू नको."

तुमची पाठ वळली आणि मी गुंडाळला. का, तर अंबाडा सुटला होता. नवरा येणार म्हणून आईने दिलेल्या खोप्याच्या पिना लावलेल्या, त्या वाऱ्याने निघत होत्या. दोन्ही हात पाहिजेत म्हणून दोर डाव्या मनगटावर, हिरव्या चुड्याच्या वरून, चार वेढे. दातात पिन. एवढ्यात तिने घेतलं.

ओढ म्हणजे मी जे समजत होते, तशी ती नव्हतीच. कोणीतरी घराच्या आतून दार ओढून घ्यावं तशी होती. बांगड्या कडाकडा वाढल्या, तंगूस कातडीत शिरला, आणि मी बसल्या जागेवरून गुडघ्यांवर घसरत कडेला. ओरडावं तर तोंडात पिन. फेसात एकदाच ती वळली, तांब्याच्या परातीसारखी पाठ, आणि मला वाटलं, ही आता मला घरी नेते. तिच्या. उजव्या हाताला सुरी लागली. मी कापलं.

पाणी परत जसंच्या तसं. तुम्ही खडपाला वळसा घालून आलात तेव्हा माझ्या मनगटाभोवती लालभडक वळ, हिरव्या काचा सांडलेल्या, उजव्या हातात सुरी. आणि मी काय सांगितलं?

"वन्सं, गाठ सुटली."

अजून हसू येतं. चोराने हातात गाठोडं घेऊन म्हणावं, इकडून कोणी गेलं नाही. पण तेव्हा मला वाटलं, काय बेमालूम जमलं!

तुम्ही दोर ओढून घेतलात, टोक बोटांत धरून बघितलंत, डब्याला गुंडाळलंत. मग खाली बसून माझ्या बांगड्यांच्या काचा एकेक वेचल्यात आणि समुद्रात टाकल्यात. नवरा घरी येणार त्या दिवशी नव्या नवरीचा चुडा वाढलेला, सासूबाई काय म्हणतील या भीतीने मी तोपर्यंत भोकाड पसरलेलं. घरी गेल्यावर मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "आई, माझा धक्का लागला हिला. वाढल्या." सासूबाईंनी दुपारपर्यंत तुमचा उद्धार केला. तुम्ही तुमच्या हातातल्या चार काढून माझ्या हातात चढवल्यात, साबण लावून, वळावर बरोबर बसतील अशा.

आणि मी? मी संध्याकाळी ह्यांच्या पानात बांगडे वाढताना रंगवून सांगितलं, परातीएवढी होती, हातातोंडाशी आलेली, पण अक्कांची गाठ सुटली. हे जेवता जेवता हसले आणि म्हणाले, "आमच्या अक्काची गाठ!" झालं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी स्वतःच ते सांगितलं, कारण तांबोशीचं काय झालं असं चार जणी विचारणार होत्याच.

पुढे कोणाच्या लेंग्याची नाडी सुटली, अक्काची गाठ. दाव्याचं वासरू सुटलं, अक्काची गाठ. मांडवाचा कोपरा खाली आला, अक्काची गाठ. ज्यांना तुम्ही कोण हे ठाऊक नव्हतं तेही म्हणायला लागले. दोन पिढ्या म्हटलं लोकांनी. तुमच्यासमोर म्हणायचे आणि तुम्हीही हसायचात. पडवीत गरी घेऊन येणारे एकेक करून कमी झाले, आणि एका मिरगाच्या आधी तुम्ही तो डबा माळ्यावर टाकलात. स्वतःपुरतं गरवायला जायचात, पण दुसऱ्याची गरी पुन्हा कधी बांधली नाहीत. मी हे सगळं बघत होते. दर वर्षी ठरवायची, यंदा सांगायचं. गणपती गेले की. आंब्याची पेटी लागली की. सुनेचं बाळंतपण झालं की. माणसाला खोटं बोलायला एक क्षण पुरतो, आणि खरं बोलायला मुहूर्त काढावा लागतो.

वर मी तुमच्याशी वाद घालायची! ते तर कहरच. पहिले तीन हात द्यायचे की नाही, यावर अठ्ठेचाळीस वर्षं. "मोठ्या माशाला आधी पळू द्यावं, दमवावं, मग आणावं," मी म्हणायची, जशी काही मी डझनभर आणल्या होत्या. "धरून ठेवलं की तुटतंच." तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणायचात, "तुझं तुटलं होतं का गो?" मी लगेच, "नाही, सुटलं होतं." तुम्ही, "हं." त्या 'हं'मध्ये काय होतं ते मला दिवाळीपर्यंत कळलं नाही. एवढी शिकलेली मी.

दिवाळीत अनुजा आली, तुमची लाडकी नात. नात माझी, लाडकी तुमची. ऑफिसचं काम लॅपटॉपवर, म्हणून आली ती इथेच राहिली, आणि येताना रॉड, रीळ, आणि सुतासारखी बारीक पण सुरीलाही दाद न देणारी दोरी घेऊन आली. दुपारी पडवीत तुमच्यासमोर बसली आणि म्हणाली, "अक्काआजी, मला गाठ शिकव." तुम्हाला ऐकू गेलं नाही. कानाचं यंत्र डबीतच असायचं, कानात किडा फिरतो म्हणून. तिने हातवारे करून दाखवलं. आणि तुमचे हात, वन्सं, मी बघितले. ते लगेच पुढे आले. चाळीसच्या वर वर्षं कोणी मागितलं नव्हतं.

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून सदानंद. शेजारी म्हणून त्याला बोलायचा हक्क असतो असं त्याला वाटतं. "अनुजा, अक्काची गाठ नको हो, मासा जाईल!"

हे तुम्हाला बरोबर ऐकू गेलं. किंवा त्याच्या तोंडाकडे बघून कळलं असेल, इतक्यांदा बघितलेलं. तुम्ही हसलात, आणि दोरी खाली ठेवलीत. नुसती ठेवलीत. अनुजाला म्हणालात, "मोबाईलवर बघ गो, त्यात चांगली दाखवतात."

माझ्या हातात चकल्यांचा सोऱ्या होता. तो तसाच घेऊन मी बाहेर आले.

"वन्सं, गाठ सुटली नव्हती."

"काय?"

"गाठ सुटली नव्हती! मी कापला!"

"काय कापलं?"

"दोर! मी दोर कापला! तांबोशीचा! सुरीने! मी हाताला गुंडाळला होता आणि मी कापला आणि तुमचं नाव सांगितलं!"

एवढ्या मोठ्याने मी लग्नात नावसुद्धा घेतलं नव्हतं. गडग्यावर सदानंद, त्याची बायको, तिच्या हातातली केरसुणी, पलीकडच्या पायवाटेवर थांबलेली दोन माणसं. आतून हे बाहेर आले, चष्मा कपाळावर. बोलायचं सुचलं ते ह्यांनाच.

"म्हणजे तेव्हा मला बांगडे खायला लागले ते तुझ्यामुळे?"

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी सोऱ्या छातीशी धरून उभी, सत्तरीची बाई. मला वाटलं, आता हिने मला घराबाहेर काढलं तरी चालेल, पण काहीतरी बोलू दे.

"मग?" तुम्ही म्हणालात. "एवढ्यासाठी ओरडतेस? माझे कान आत्ता गेलेत. डोळे तेव्हा चांगले होते."

तुम्ही अनुजाची दोरी उचललीत आणि तिलाच सांगायला लागलात, मी जशी तिथे नव्हतेच. "गाठ सुटली ना, की टोकाला पीळ राहतो. डुकराच्या शेपटीसारखा. खडपाला घासून तुटली तर टोक चरबरीत होतं, चघळल्यासारखं. हिच्या दोराचं टोक कसं होतं सांगू? शिंप्याने कातरल्यासारखं. आणि मनगटाला काकणाएवढा वळ. मी काय आंधळी होते?"

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडले. ह्या वेळी ऐकू जावं म्हणून नव्हे.

तुम्ही गरीच्या कड्यातून दोरी ओवत होतात. वेढे बरोबर पडत होते. पाच, सहा, सात. "कपारीत शिरलेला मासा ओढला तर काय होतं?"

"तुटतो."

"हं," तुम्ही म्हणालात. आणि गाठ दातात धरून ओढलीत.

सदानंद गडग्यावरून उडी मारून आला. त्याने ती गाठ ओढली, मग ह्यांनी ओढली, मग गरी खांबाच्या खिळ्याला अडकवून दोघांनी मिळून. दोरी ह्यांच्या बोटाला कापली, गाठ हलली नाही. सदानंद कान धरून म्हणाला, "अक्का, आता हे म्हणायचं बंद करतो." तुम्ही त्याला म्हणालात, "राहू दे. ह्या वयात नाव बदललं तर मला कोणी ओळखायचं नाही."

त्या रात्री मी जेवले नाही आणि झोपले मात्र अशी, की सकाळी अनुजाने नाकापुढे बोट धरून बघितलं.

त्यानंतरचे तीन महिने हे माझ्या आयुष्यातलं व्याज आहे, वन्सं. तुम्हाला खडपावर उतरता येत नव्हतं, म्हणून वर सड्याच्या माळरानाच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची, तुमच्या अंगावर माझी शाल, हातात काठी. खाली अनुजा आणि मी. वरून तुमचा कारभार. यंत्र कानात नसलं की माणसाला आपण केवढ्याने बोलतो ते कळत नाही, त्यामुळे तुमच्या सूचना गलबतांनासुद्धा ऐकू जात असतील.

पौषात त्या सकाळी अनुजाचा रॉड वाकला तो तर तुम्ही वरून माझ्या आधी बघितलात.

"धर! धर गो! देऊ नको!"

आणि मी, जित्याची खोड, तिच्या कानाशी, "सोड, पळू दे थोडी, दमू दे."

पोरगी जवळच्या आजीचं ऐकते. तिने रिळाचा पेच सैल केला, रीळ किणकिणलं, आणि दोन श्वासांत तांबोशी कपारीत. दोरी खडपाला ताणून बसली. अनुजा रडकुंडीला. मी वर बघितलं नाही. वर बघायची सोय नव्हती. पण तुम्ही मला काही म्हणाला नाहीत, शिव्यासुद्धा घातल्या नाहीत. एवढंच ओरडलात, "सैल सोड. आणि बसा."

आम्ही बसलो. दोरी पाण्यावर ढिली तरंगत होती. अनुजा दोनदा उठली, मी दोनदा तिला खाली बसवली. ऊन खडपावर आलं. वर तुम्ही काठीवर हनुवटी टेकून, जराही न हलता, समुद्राकडे बघत. मी त्या ढिल्या दोरीकडे बघत होते आणि मला पडवीतलं तुमचं ते 'हं' ऐकू आलं. तेव्हा कुठे पोचलं. अठ्ठेचाळीस वर्षं तुम्ही माझा दोर असाच सोडून बसला होतात. एकदाही हिसका दिला नाहीत. मी पदराने नाक पुसलं, अनुजा म्हणाली, "आजी, थंडी वाजते का?"

दोरी हलली. सरळ झाली. "आता!" हे आम्ही दोघी एकदम ओरडलो, तुम्ही वरून, मी खालून. ह्या वेळी पोरीने पेच घट्ट केला आणि तोंड वर आणलं. मग तुमचंच शिकवणं, हाताने उचलायचं नाही, लाटेवर बसवून आणायचं. लाट चढली की घे, उतरली की नुसतं धर. चौथ्या लाटेने ती आमच्या पायाशी आणून ठेवली. सात किलोला थोडी कमी. गरी ओठात जशीच्या तशी, गाठ जशीच्या तशी. अनुजाने ती वर आणून तुमच्या मांडीवरच ठेवली, शालीसकट. तुम्ही माशाकडे बघितलंच नाहीत, आधी गाठ बघितलीत.

डोक्याचं तिरफळ घालून कालवण केलं, ते सगळं तुम्ही एकटीने खाल्लंत. जेवताना मी म्हटलं, "सोडूनसुद्धा आली की नाही शेवटी?" तुम्ही काटा काढता काढता माझ्याकडे बघितलंत आणि पुन्हा खायला लागलात. तो वाद तिथेच राहिला.

माघात तुम्ही गेलात, सकाळचा चहा घेऊन, बशी पालथी घालून. अंगणात बांबू आणले, काथ्या आणला. मी दाराआड उभी होते. सदानंदचा भाचा मुंबईचा, त्याला काही येत नव्हतं, तो कशीतरी बांधत होता. सदानंदने त्याचा हात बाजूला केला.

"तशी नको रे. सुटेल. अक्काची गाठ मार."

आणि त्याने दाखवली. वेढे घेतले, टोक मागे ओवलं, ओढून बघितलं. पोराने विचारलंसुद्धा नाही अक्काची म्हणजे काय. त्याच्यासाठी तो घट्ट गाठीचा प्रकार होता, एवढंच. दुसरं कोणी हसलं नाही, कोणाला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. मला मात्र हसू फुटलं. असलं हसू, की पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकले. खांदे हलताना बघून सदानंदची बायको पाणी घेऊन धावली, "सुमनताई, आवरा, आवरा." मी पाणी प्यायले. आवरलं नाही.

तेव्हा तुम्हाला सांगायचं होतं, पण घर माणसांनी भरलेलं.

काल सुतक फिटलं म्हणून अनुजाबरोबर खाली गेले, बसत बसत, चपला हातात घेऊन. तुमचा तुपाचा डबा माळ्यावरून काढला होता, आणि तुमच्या ट्यूबचे तुकडे माझ्या बोटांना चढवले, ते सैल झाले. अनुजा पलीकडे डबक्यात बोय धरत होती. ओढ आली. फार मोठी नसावी, पण तांबोशीचीच, दार आतून ओढावं तशी. मी काय केलं ते कोणी बघितलं नाही. अनुजाला मी सांगणार नाही, ह्यांना तर नाहीच नाही. मला अजून इथे राहायचंय.

पण तुम्हाला आता ऐकू येत असणार. ओरडायला नको. जवळ या, हळू सांगते.

पहिले तीन हात मी दिले नाहीत.

तुमची,
सुमन